अवगत भाषांचा रकाना

एकावन्नाव्या वर्षी मी पुन्हा वर्गात जाऊन बसलो. उजव्या हाताला लिहायची फळी चिकटवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. ती फळी माझ्या पोटात रुतायची, म्हणून सहा आठवडे मी तिरका बसलो. बिदरमधल्या एका खाजगी केंद्रात ‘भविष्यातल्या नोकऱ्यांची कौशल्यं’ नावाचा तो वर्ग चालायचा. पंचवीस जणांत चोवीस माझ्या मुलीच्या वयाचे. शिकवणाऱ्या मॅडमही तिच्याच वयाच्या. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, मी कुणाला तरी सोडायला आलोय.

“काका, पालकांनी बाहेर थांबायचं,” त्या म्हणाल्या.

मी उठलो, छातीवर हात ठेवला आणि दरबारात उभा असल्यासारखा वाकलो. “मॅडम, मला सोडायला कुणी आलंच नाही. मी एकटाच आलोय.”

वर्ग खदखदून हसला. मलाही बरं वाटलं. पुढच्या सहा आठवड्यांत तेवढं एकदाच बरं वाटलं.

भविष्याशी माझी ही पहिली गाठ नव्हती. विशीत सगळे म्हणायचे, टायपिंग शीक, जन्माची सोय होईल. शिकलो. परीक्षा पास झालो त्याच सुमाराला टाइपरायटर कचेऱ्यांच्या व्हरांड्यात येऊन पडले आणि चिमण्या त्यात घरटी करायला लागल्या. मग कॉम्प्युटर आला. तोही शिकलो. बिदरच्या एका गल्लीत डीटीपीचं दुकान टाकलं आणि बावीस वर्षं लग्नपत्रिका काढल्या. गेल्या चार वर्षांत लोक पत्रिका फोनवरच करायला लागले. नवरी स्वतःच बसून पत्रिका बनवते, तिच्यात फुलं गळतात, सनई वाजते, आणि दोन मिनिटांत ती सगळ्या गोतावळ्याला जाते. दुकान बंद झालं तेव्हा काही तमाशा झाला नाही. एका मंगळवारी कुणी आलं नाही, बुधवारी मीच गेलो नाही.

पत्रिका मी मराठी, कन्नड आणि तेलुगूत काढत असे. तेलुगूचं जरा सांगायला हवं, कारण पुढे माझी अब्रू तिथेच गेली. ज्याला कन्नड वाचता येतं त्याला तेलुगूची अक्षरं परकी वाटत नाहीत. दोन्ही लिप्या सख्ख्या बहिणींसारख्या, एकीने केस जरा वेगळे विंचरलेले एवढंच. गिऱ्हाईक हाताने लिहून आणायचं, मी अक्षर बघून अक्षर बसवायचो. बावीस वर्षांत मला तेलुगू घडाघडा वाचता यायला लागलं. अर्थ मात्र एका शब्दाचाही कळत नसे. पत्रिकेत वधूवर आणि तिथी कुठे असते हे माहीत असलं की अर्थाची गरजही पडत नसे.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर औरादकडच्या चिंताकी गावची एक मुलगी बसायची. बीएस्सी झालेली, घरातली पहिली पदवीधर. पहाटेची बस धरून यायची आणि स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. एकदा मॅडमनी सांगितलं, स्वतःचे गुण लिहा, लाजू नका. मी अकरा लिहिले आणि वर्गासमोर उभा राहून, प्रत्येक गुणाला वेगळा हावभाव करून वाचले. तिने एकच लिहिला होता: वेळेवर येते.

खाली बसलो तर ती हळूच म्हणाली, “अण्णा, अकरा गुण हायत तुमच्यात. मग दुकान कामून बंद पडलं?”

“अक्का, गुण जास्त झाले. दुकानात मावेनात,” मी म्हणालो. पण बाण बसला होता.

रोज एक कौशल्य पडद्यावर यायचं. संवाद साधणं. जुळवून घेणं. नवीन गोष्ट पटकन आत्मसात करणं. मॅडम मनापासून शिकवत, त्यांचा दोष नाही. पण तिशीत हेच मला कुणीतरी दुसऱ्या पडद्यावर दाखवलं होतं, आणि चाळिशीत तिसऱ्या. संध्याकाळी घरी हळ्ळीखेडला जाणाऱ्या बसमध्ये मी डोकं खिडकीला टेकवून बसायचो. मी किती वेळा जुळवून घेतलं ते आठवायला लागलो की झोप यायची.

चौथ्या आठवड्यात आम्हाला बिदरलगतच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एक गोदाम बघायला नेलं. डाळी आणि हरभऱ्याचं भलंमोठं गोदाम. पोती उतरवणारे हमाल कलबुर्गीकडचे, कन्नड बोलणारे. निवडायला बसलेल्या बाया भालकी-औरादच्या, मराठी. फाटकावरचे आणि दुरुस्तीवाले दखनी उर्दूत बोलणारे. झहीराबादचे ड्रायव्हरही दखनी बोलतात, त्यांची अडचण नाही. पण हल्ली गाड्या पार कर्नूलकडून यायला लागल्या होत्या, आणि त्या ड्रायव्हरांना तेलुगूशिवाय काही येत नव्हतं.

आम्ही गेलो तेव्हा तसाच एक ड्रायव्हर आणि हमालांचा मुकादम एकमेकांवर ओरडत होते. दोघांनाही दुसऱ्याचं काही कळत नव्हतं, त्यामुळे भांडण संपायचं काही कारण नव्हतं. गोदामातली माणसं काम टाकून बघत उभी. आमच्या मॅडम म्हणाल्या, “बघा, इथे संवादकौशल्य लागतं,” आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. तेवढ्यात चिंताकीची मुलगी पुढे गेली. ड्रायव्हरशी तेलुगूत दोन वाक्यं, मुकादमाशी कन्नडात तीन, मागे वळून फाटकावरच्याला “चच्चा, वो गाडी जरा पिच्छे लेव ना” असं दखनीत एक. ड्रायव्हर गाडीत चढला, मुकादमाने डोक्याला फडकं बांधलं, काम सुरू झालं. ती परत येऊन रांगेत उभी राहिली. चहाचा अर्धा कप संपायच्या आत हे झालं.

“काय होतं गं?” मी विचारलं.

“काय न्हाई. त्याला वाटलं हे पोती फेकायलेत, ह्यांना वाटलं तो शिव्या द्यायलाय. तो आपला हळू ठेवा म्हनायलाय नुसतं.”

त्याच गोदामाला ‘शिफ्ट कोऑर्डिनेटर’ हवा होता. कुठली गाडी कुठल्या दाराला लावायची, कुणी उतरवायची, माल कुठे ठेवायचा, हे बघणारा माणूस. जागा एक. वर्ग संपल्यावर मुलाखती झाल्या आणि शेवटी दोन नावं उरली. तिचं आणि माझं.

गोदामाच्या, पुण्याहून आलेल्या साहेबांनी आम्हाला एकत्रच आत बोलावलं. पुढ्यात आमचे अर्ज होते. त्यात एक रकाना होता, ‘अवगत भाषा’. मी तिथे मराठी, कन्नड, हिंदी, दखनी, इंग्रजी, तेलुगू असं लिहिलं होतं. मंगलाष्टकं छापली होती म्हणून संस्कृतही लिहिणार होतो, पण जागा संपली. तिने लिहिलं होतं: मराठी, कन्नड, इंग्रजी.

साहेब तिला म्हणाले, “आमच्याकडे आंध्रच्या गाड्या वाढल्यात. तेलुगू येतं का तुम्हाला?”

“न्हाई सर. येत न्हाई.”

ती खोटं बोलत नव्हती. आमच्या भागात भाषा येते असं कधी म्हणतात, तर ती शाळेत शिकलेली असेल, तिचा पेपर दिलेला असेल तेव्हा. शेजारणीशी, बाजारात, शेताच्या बांधावर लहानपणापासून जी तोंडात बसली, ती कुणी हिशेबात धरतच नाही. आमच्याकडे चार भाषा बोलणाऱ्या बाईला किती भाषा येतात विचारा, ती सांगेल, मी अडाणी आहे. चिंताकीची मुलगी पदवीधर झाली तरी हा हिशेब बदलला नव्हता. तिच्या घरालगतचं घर तेलुगू बोलणाऱ्यांचं होतं. त्यात तिला अर्जात लिहिण्यासारखं काही वाटलं नाही.

साहेब माझ्याकडे वळले. टेबलावरची एक तेलुगू बिल्टी त्यांनी माझ्याकडे सरकवली. “वाचा बरं.”

मी घसा साफ केला आणि वाचली. माल, वजन, गावाचं नाव, पाठवणाऱ्याचा पत्ता, सगळं. आवाज चढवत, उतरवत, मध्ये श्वास घेत, गावातल्या गणपतीसमोर कीर्तन करावं तसं. साहेबांना तेलुगू येत नव्हतं. ते खूश झाले.

मला तेव्हा एक वाक्य बोलता आलं असतं. साहेब, या मुलीला तेलुगू येतं, मी माझ्या कानांनी ऐकलंय. एवढंच. एरवी न विचारता पाऊण तास बोलणारा मी, त्या खोलीत पंख्याची पाती बघत बसलो. पाती तीन होती. ती उठली, “येते सर” म्हणाली, मलाही “येते अण्णा” म्हणाली आणि औरादची बस धरायला गेली. खुर्ची मला मिळाली.

काचेची खोली होती, त्यात फिरती खुर्ची. पहिले दोन दिवस फार मजेत गेले. तिसऱ्या दिवशी कर्नूलची गाडी आली. ड्रायव्हर काचेशी येऊन एक लांबलचक वाक्य बोलला आणि थांबला. वाक्याच्या शेवटी ‘लेदु’ होतं. लेदु म्हणजे नाही, एवढं मला ठाऊक होतं. काय नाही, ते कळेना. मी बोट वर करून, जरा थांब असा भारदस्त अभिनय केला, संडासात गेलो आणि चिंताकीला फोन लावला.

“अक्का, एक गंमत झालीय.”

“काय झालं अण्णा? मी सोयाबीन कापायलेय.”

मी सांगितलं. मग ती म्हणाली, “तुमाला तर येतंय की तेलुगू. साहेबासमोर केवढं वाचलाव.”

“वाचायला येतंय.”

“अन् कळायला?”

“ते राहिलंच.”

ती इतकी हसली की मागच्या बाया ‘काय झालं गं, काय झालं’ विचारायला लागल्या. मग म्हणाली, “द्या फोन त्याला.” ड्रायव्हरचं म्हणणं होतं की मागचं दार उघडत नाही, कुलपाची किल्ली नाही. दोन मिनिटांत काम झालं.

त्यानंतर आठवड्यातून दोनतीनदा मी फोन करायचो. ती कधी शेतात असायची, कधी चुलीपाशी. प्रत्येक वेळी मदत करायची आणि प्रत्येक वेळी एक टोमणा ठेवून द्यायची. “खुर्ची तुमची अन् जीभ माझी. बरं चाललंय की अण्णा.” मी मोठ्याने हसायचो. फोन ठेवला की काचेत स्वतःचा चेहरा दिसायचा. तो हसत नसायचा. घरी बायको विचारायची, “काय हो, नवी नोकरी लागली अन् आजाऱ्यावानी कामून दिसायलाव?” मी म्हणायचो, खुर्ची गोल फिरते, त्याने चक्कर येते.

मग एका दुपारी तिने फोन उचलला नाही. मी चार वेळा लावला. शेतात फोन बांधावर ठेवून गेली असेल. कर्नूलचा ड्रायव्हर माझ्यासमोर उभा होता, माझ्याच वयाचा, डोळे जागरणाने लाल. तो काहीतरी सांगत होता, गाडीच्या तळाकडे हात करत होता. मला वाटलं, नेहमीचंच, हळू उतरवा म्हणत असेल. “सरे,” मी म्हणालो. तेलुगूत सरे म्हणजे बरं. त्याने पुन्हा सांगितलं. “सरे, सरे,” मी म्हणालो, मान हलवली, आणि हमालांना खूण केली. माल उतरला, थप्पी लागली.

पाचव्या दिवशी त्या थप्पीतून वास यायला लागला. खालची पोती भिजलेली होती, त्यांच्यामुळे वरच्यांनाही बुरशी धरली. अर्धी थप्पी गेली. साहेब पुण्याहून आले, आणि योग असा की त्याच दिवशी तो ड्रायव्हर दुसरा माल घेऊन आला. साहेबांनी ठरवूनच टाकलं होतं. भिजलेला माल गुपचूप उतरवून पळाला, या माणसाची गाडी पुन्हा फाटकातून आत घ्यायची नाही.

सगळे काचेच्या खोलीसमोर जमले. ड्रायव्हर छातीवर हात मारून बोलत होता. मला त्यातल्या दोनच गोष्टी ओळखू आल्या. एक लेदु, आणि दुसरी म्हणजे माझ्याकडे रोखलेलं त्याचं बोट.

“काका, काय म्हणतोय हा?” साहेबांनी विचारलं.

त्या अंगणात त्या घटकेला तेलुगू कळणारा एकच माणूस होता, तो ड्रायव्हर, आणि त्याला मराठी कळत नव्हतं. मी काहीही सांगू शकलो असतो. वाक्य तोंडात तयारही होतं: साहेब, चूक कबूल करतोय, माफी मागतोय. ते बोललो असतो तर माझी खुर्ची राहिली असती आणि त्याची गाडी गेली असती. त्याचे लाल डोळे माझ्यावर होते. नाटकं करायची मला हौस आहे, पण हे नाटक जमेना. मी फोन काढला, चिंताकीला लावला आणि स्पीकर सुरू केला. या खेपेला तिने पहिल्याच रिंगला उचलला.

“अक्का, हा काय सांगतोय तेवढं मराठीत सांग.”

ड्रायव्हर फोनमध्ये बराच वेळ बोलला.

“अण्णा,” ती शेवटी म्हणाली, “स्पीकरवर हाय का?”

“आहे.”

“साहेब हायत?”

“समोरच आहेत.”

“सांगू का मग?”

“सांग.”

“तो म्हनायलाय, वाटेत पाऊस लागला, ताडपत्री फाटली, खालची पोती भिजली. काचेतल्या माणसाला मी दोनदा सांगितलो, भिजलेली बाजूला उतरवा म्हणून. तो सरे सरे म्हणला अन् मान हलवला.” जरा थांबून ती म्हणाली, “त्याच्या पोराबाळांची आण घ्यायलाय.”

मुकादमाने माझ्याकडे बघितलं. साहेबांनी चष्मा काढला. “खरं आहे का काका?”

“खरं आहे. तो दोनदा म्हणाला.”

“आणि ही कोण बोलतेय?”

“तुम्ही माझ्याबरोबर जिची मुलाखत घेतली होती ती.”

“तिने तर तेलुगू येत नाही असं सांगितलं होतं!”

फोनमधून आवाज आला, “न्हाईच येत सर. एक अक्षर लिहून दाखव म्हणलात तर कुठून दाखवू? नुसतं बोलायला येतंय.”

“आणि काका, तुम्हाला?”

“मला नुसतं वाचायला येतं,” मी म्हणालो.

मुकादमाला मराठी बऱ्यापैकी कळायचं. तो फिसकन हसला, मग बाकीचे हसले, मग मीही हसलो. साहेब हसले नाहीत. ड्रायव्हरची गाडी आत आली. चिंताकीच्या मुलीला त्यांनी सोमवारपासून बोलावलं. मला शनिवारपर्यंत यायला सांगितलं.

संध्याकाळी तिचाच फोन आला. मला वाटलं, आभार मानेल आणि मी उदारपणे असू दे म्हणेन. तसं काही झालं नाही.

“अण्णा, मुलाखतीला तुमी त्या खोलीत होताव की. तुमाला ठाऊक होतं मला बोलायला येतंय.”

“होतं.”

“मग तवाच कामून बोलला न्हाईत?”

“मला ती खुर्ची पाहिजे होती, अक्का.”

मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

“मला वाटलं, तुमी बी नुसतं बोलणं धरत न्हाईत,” ती म्हणाली. “म्हणून गप बसलाव. मला वाटलं, खरंच त्यात काय हाय.”

मग तिने विचारलं, सोमवारी कागदपत्रं कुठली लागतात, जेवणाचा डबा कुठे ठेवतात, बायांसाठी वेगळा संडास आहे का. मी सगळं सांगितलं. मुकादम तापट आहे पण चहा दिला की उतरतो, हेही सांगितलं. तिने लिहून घेतलं असावं, कारण मध्येमध्ये म्हणायची, थांबा अण्णा, हळू.

घरी बायकोला कळलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, “आता अजून काय शिकायलाव?” तिने ते चेष्टेने विचारलं की काळजीने, मला ओळखता आलं नाही. विचारायचं त्राणही नव्हतं.

शनिवारी दुपारी फाटकाबाहेर बसची वाट बघत उभा होतो, तर कर्नूलची गाडी येऊन थांबली. तोच ड्रायव्हर. हुमनाबादला माल भरायला निघाला होता. त्याने हाताने बोलावलं. मी वर चढलो. त्याने भुईमुगाच्या शेंगांची पुडी पुढे केली आणि बोलायला लागला.

कोळार सुटल्यापासून तो अखंड बोलत होता. या खेपेला मी एकदाही मान हलवली नाही. कळलं नाही की हात पालथा करायचो, तोंड वाकडं करायचो, आणि तो हसून तेच पुन्हा सांगायचा, सावकाश, बोटांनी दाखवत. हळ्ळीखेडचा फाटा येईपर्यंत मला इतकं कळलं की त्याला दोन मुली आहेत, थोरलीचं लग्न झालंय आणि धाकटी काहीतरी शिकते. काय शिकते, ते त्याने तीनदा सांगितलं. फाट्यावर गाडी थांबवूनही एकदा सांगितलं. ते काही मला कळलं नाही.